गॅसकटरने कापलेलं विमान

एक सरकारी हुकूम आणि काही गॅसकटर, एवढ्यात कॅनडाचं सगळ्यात देखणं लढाऊ विमान नाहीसं झालं. ॲव्ह्रो कंपनीचं सीएफ-१०५ ॲरो. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी टोरांटोजवळच्या माल्टन कारखान्यातून ते थाटामाटात लोकांसमोर आणलं. नेमका त्याच दिवशी रशियाने स्पुटनिक सोडला आणि पेपरांतली जागा त्यानेच खाल्ली. नशीब म्हणतात ते असं. २५ मार्च १९५८ला यानुश झुराकोव्स्की या मूळच्या पोलिश वैमानिकाने ॲरो पहिल्यांदा उडवलं, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, २० फेब्रुवारी १९५९ला, पंतप्रधान डीफेनबेकर यांनी प्रकल्प गुंडाळल्याचं संसदेत सांगून टाकलं. दुपारी कारखान्याच्या लाउडस्पीकरवरून घोषणा झाली. ॲव्ह्रो आणि तिची इंजिनं बनवणारी ओरेंडा मिळून सुमारे १४,५०० माणसं एका दिवसात घरी बसली.

सोलापूरकराला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या बंद पडलेल्या गिरण्यांची नावं घेतली की पुढचं ज्याचं त्याला कळतं. भोंगा थांबला की आधी चहाच्या टपरीवरची उधारी बंद होते, मग पोरांच्या शाळा बदलतात.

फरक एवढाच की गिरणीचे माग कुणीतरी विकत घेतो, दुसरीकडे नेऊन चालवतो. ॲरोच्या वाट्याला तेही आलं नाही. उडालेली पाचही विमानं कापली, जवळजवळ तयार झालेलं सहावंही कापलं, आराखडे आणि साचे नष्ट करायला सांगितलं. आज ओटाव्याच्या विमान संग्रहालयात त्या सहाव्या विमानाचा पुढचा भाग, पंखांची टोकं आणि ॲरोसाठी बनवलेलं एक इरोक्वॉय इंजिन आहे. बाकी सगळं भंगार. एका ड्राफ्ट्समनने मात्र हुकूम न मानता काही नकाशे घरी नेऊन ठेवले. ते २०२० साली सॅस्काटूनमध्ये प्रदर्शनात मांडले गेले, आणि तेही डीफेनबेकर यांच्याच नावाच्या केंद्रात!

जे विमान शाबूत आहे त्याची प्रतिकृती कुणी फारशी करत नाही. मूळच बघता येतं. जे मुद्दाम पुसलं, तेच पुन्हा करावंसं वाटतं. ॲरोच्या दोन पूर्णाकृती प्रतिकृती झाल्या. पहिली आल्बर्टातल्या ॲलन जॅक्सन यांनी १९८९मध्ये हाती घेतली. काम सत्तर टक्क्यांवर आलं असताना टीव्हीवाले आले. ॲरोवर मालिका करायची होती, विमान हवं होतं. उरलेलं काम त्यांनी पुरं करून दिलं. शूटिंग झालं, हवाई मेळाव्यांत मिरवून झालं, शेवटी विमान वेटास्किविनच्या रेनॉल्ड्स-आल्बर्टा संग्रहालयाला दिलं. तिथे तात्पुरतं म्हणून उघड्यावर ठेवलेलं असताना वादळात त्याची मोडतोड झाली. शत्रूची बॉम्बफेकी विमानं अडवण्यासाठी आखलेल्या विमानाला वाऱ्याने लोळवावं, यावर हसावं की रडावं कळत नाही.

दुसरी प्रतिकृती जास्त कसून केलेली. टोरांटोच्या डाउन्सव्ह्यू भागात डी हॅव्हिलंड कंपनीचा जुना कारखाना होता, तिथल्या विमान संग्रहालयात स्वयंसेवकांनी १९९८मध्ये काम सुरू केलं आणि २००६मध्ये विमान बाहेर काढलं. पंखांचा पसारा सव्वापंधरा मीटर, लांबी पावणेचोवीसच्या आसपास; म्हणजे दोन एसटी गाड्या एकामागे एक लावल्या तरी विमान थोडं पुढे उरेल. सगळी बांधणी धातूची, रंग आणि क्रमांक मूळच्या तिसऱ्या विमानाचे, २०३. आठ वर्षं लागली यात नवल नाही. मूळ कारखान्यात हजारो हात होते, साचे होते, पगार होता. इथे सवड काढून येणारी माणसं, आणि मापं काढायची ती फोटोंवरून, वाचलेल्या तुकड्यांवरून आणि हाती लागतील त्या कागदांवरून.

त्यातला एक भाग जवळून बघण्यासारखा आहे: चाकांचा पाय. ॲरोचा त्रिकोणी पंख विलक्षण पातळ होता, जाडी रुंदीच्या साडेतीन टक्के. पंख धडाच्या माथ्यावर बसवलेला, त्यामुळे पाय लांबलचक हवा. आणि उड्डाणानंतर तो लांबलचक पाय त्याच पातळ पंखात दडवायचा. डिझायनरांनी काढलेली तोड अशी की पाय दुमडता दुमडता स्वतःभोवती वळायचा आणि आखूडही व्हायचा. दोन चाकं शेजारी न लावता एकामागे एक लावली, म्हणजे जाडी कमी. कागदावर सुरेख, पण ११ जून १९५८ला उतरताना पहिल्या विमानाचा एक पाय पुरता वळलाच नाही आणि विमान धावपट्टी सोडून बाहेर गेलं. प्रतिकृतीला कुठे उडायचंय? पत्र्याच्या नळ्या वाकवून काम भागलं असतं. तरी हे पाय मेसिए-डाउटी कंपनीकडून घडवून घेतले, मूळ ॲरोचे मुख्य पाय ज्या घराण्यात बनले त्याच घराण्याकडून. बघणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना फरक कळला नसता. शंभराव्यासाठी केलं.

बाकी आत पोकळी. इंजिन नाही, इंधन नाही, रडार नाही. एका अर्थी हे मूळ गोष्टीला धरूनच आहे, कारण ज्या इरोक्वॉय इंजिनांसाठी हे विमान आखलं ती लावून ॲरो कधी उडालंच नाही. पाचही विमानं उसन्या अमेरिकी जे-७५ इंजिनांवर उडाली आणि तरी ध्वनीच्या जवळजवळ दुप्पट वेग गाठला गेला. आपल्या एचएफ-२४ मारुत या लढाऊ विमानाची कथा याच वळणाची. कुर्ट टांक यांनी आखलेलं, १७ जून १९६१ला उडालेलं, पण जोडीचं इंजिन जन्मभर मिळालं नाही. फक्त आपण मारुत कापलं नाही. १९७१च्या लढाईत वापरलं.

विमानाचा आकार पुन्हा बांधता येतो, हे डाउन्सव्ह्यूने दाखवलं. जे बांधता येत नाही ते म्हणजे एकत्र बसून चुका करत शिकलेली माणसं. ॲव्ह्रोचे सुमारे तीस अभियंते थेट नासात गेले. जिम चेंबरलिन यांनी जेमिनी यानाच्या आखणीत मोठं काम केलं, ओवेन मेनार्ड अपोलोच्या चांद्रयानावर होते. अमेरिकेला ही माणसं फुकटात मिळाली म्हणा ना.

आता जरा घरचं. हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना डिसेंबर १९४०मध्ये बंगळूरला उभा केला तो वालचंद हिराचंद यांनी, आणि ते सोलापूरचे. इथल्या पोरांना वालचंद म्हणजे कॉलेज, विमान नव्हे. त्या कारखान्यात गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचे डॉ. विष्णू माधव घाटगे आले, गॉटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले. १९४१मध्ये त्यांनी दहा सैनिक वाहून नेणारं ग्लायडर आखलं, जी-१. कारखान्याचं स्वतःचं म्हणावं असं ते पहिलं डिझाइन. एकच नग झाला, पुढे मालिका निघाली नाही. १९४२मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा घेतला, पुढच्या वर्षी अमेरिकी हवाई दल आलं आणि कारखाना युद्धातल्या विमानांच्या दुरुस्तीला जुंपला. बांधणी थांबली, घाटगे मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवायला गेले, पण पुढे कारखान्यात परतले. १९५१चं एचटी-२ आणि १९६४चं किरण ही प्रशिक्षण विमानं त्यांच्या हाताखाली झाली. ग्लायडरची मालिका न निघाल्याने जी शिकलेली माणसं हातची गेली नाहीत, ती ॲरोच्या वेळी कॅनडाने घालवली असं माझं मत आहे.

म्हणून सुचवतो. जी-१ची पूर्णाकृती प्रतिकृती सोलापुरात व्हावी. ज्या शहराने विमानांसाठी २०२३मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडलेली पाहिली, त्याने एखादं विमान उभं करायला हरकत नाही. ग्लायडर आहे, इंजिनाचा प्रश्नच नाही. इंजिनिअरिंगची पोरं आणि गिरणीत काम केलेले दोन-चार जुने फिटर मिळाले तर निम्मं काम झालं. आधी बंगळूरला जाऊन जुने कागद नि फोटो शोधायचे. मापं हाती आल्याशिवाय लाकडाला करवत लावायची नाही.

आणि हौशी माणसं लगेच म्हणतील, सात रस्त्याच्या चौकात उभं करा. नको. तिथे आधीच सात बाजूंनी रिक्षा घुसतात, त्यात आठवं विमान कशाला? शिवाय वेटास्किविनला उघड्यावर ठेवण्याचं काय झालं ते वर सांगितलंच. टोरांटोचंही छप्पर टिकलं नाही: २०११मध्ये संग्रहालयाला डाउन्सव्ह्यूची जागा सोडावी लागली, ॲरो सुटं करून पीअर्सन विमानतळावर ठेवावं लागलं, आणि बऱ्याच फिरतीनंतर ते एडनव्हेलच्या लहान विमानतळावर पोचलं. तेव्हा आधी शेड. तीही स्वतःच्या जागेवर, सातबारा बघून.