सरपटीच्या जरा वर

भातकापणी उरकली की लांज्याच्या मळ्यांत धसकटं उपटून पीच तयार होतं. ढेकळावर पडलेला टेनिस बॉल कधी उडेल, कधी बसेल, नेम नसतो. म्हणून केदार जाधवची बॉलिंग टीव्हीवर पाहिली की आम्हाला आपल्यातलंच कुणी खेळतंय असं वाटायचं. पुण्याचा केदारही आधी टेनिस बॉलचाच गडी!

भारताच्या वनडे संघात तो २०१४ साली आला तो फलंदाज म्हणून. त्याआधीच्या रणजी मोसमात त्याने १२२३ धावा कुटल्या होत्या. बॉलिंगचं नशीब उघडलं १६ ऑक्टोबर २०१६ला, धरमशालात. धोनीने चेंडू हातात दिला आणि न्यूझीलंडचे नीशम, सँटनर लागोपाठच्या दोन चेंडूंवर परतले. ३ षटकं, ६ धावा, २ बळी!

खरी गंमत त्याच्या हातात. मुळात उंची बेताची, त्यात गुडघे वाकवून हात इतका खाली आणायचा की चेंडू जवळपास पंचाच्या कमरेपासून सुटायचा. उसळीच नाही, मग फलंदाज बॅट घालणार कुठे? हात आणखी खाली गेला असता तर मात्र नोबॉल. १९८१मध्ये ट्रेव्हर चॅपेलने न्यूझीलंडविरुद्ध शेवटचा चेंडू सरपटी टाकला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून अंडरआर्म हद्दपार झालं. आमच्या कोकणात अजूनही अंडरआर्मच्या खास स्पर्धा भरतात, आणि त्या बघायला गर्दी लोटते.

नेटमध्ये केदार फारशी बॉलिंग करायचाच नाही. जास्त घोटलं तर आहे तेही जाईल, असं त्याचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटतं. २०१७च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत उपांत्य सामन्यात बांगलादेशचे तमीम आणि मुशफिकुर, दोघंही जम बसलेले, त्यानेच काढले. ७३ वनडेंत २७ बळी, सर्वोत्तम २३ धावांत ३, तेही पाकिस्तानविरुद्ध.

पण मला आठवते ती २८ सप्टेंबर २०१८ची दुबईतली रात्र. आशिया चषकाची फायनल, समोर पुन्हा बांगलादेश. त्यांची १२० धावांची सलामी केदारनेच फोडली. मग फलंदाजी करताना मांडीचा स्नायू धरला आणि त्याला बाहेर जावं लागलं. गडी पडत गेले, तसा तो लंगडत परत आला. शेवटच्या चेंडूला एक धाव हवी होती. चेंडू पॅडला लागला आणि त्याच पायाने केदार पळाला.