टेंडर न काढता काम दिलं, तर आपलं काय जातं?

परवा शिवडीला चुलत्यांच्या खोलीवर मुक्काम होता. चुलते गिरणीत होते, आता घरीच असतात. बोलता बोलता म्हणाले, "मुंबईत कोटींची कामं बिनटेंडरची देतात, तुमच्या गावाकडं काय चालतं?" मी गप्पच बसलो. कारण आमच्या ग्रामपंचायतीनंही दिव्यांची खरेदी छोट्या छोट्या बिलांत केली होती आणि ग्रामसभेत कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

आधी मुंबईचं बघू. शिवडी महापालिकेच्या एफ दक्षिण विभागात येते. राज्य सरकारच्या विनंतीवरून कॅगनं या महापालिकेचं विशेष ऑडिट केलं. २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ या काळातला सुमारे १२ हजार कोटींचा खर्च त्यात तपासला. २५ मार्च २०२३ ला अहवाल विधानसभेत आला. त्यातल्या तीन गोष्टी अशा :

१) दोन खात्यांनी २१४.४८ कोटींची २० कामं टेंडर न मागवता दिली.

२) ४,७५५.९४ कोटींच्या ६४ कामांत ठेकेदाराशी करारच केलेला नव्हता. करार नसला की काम बिघडल्यावर ठेकेदाराला कायद्यानं धरणं अवघड.

३) ३,३५५.५७ कोटींच्या १३ कामांत काम तपासायला त्रयस्थ ऑडिटर नेमला नव्हता.

कोरोनावरचा सुमारे साडेतीन हजार कोटींचा खर्च तर तपासताच आला नाही. महापालिकेनं साथरोग कायद्याचं कारण पुढं केलं.

टेंडर कशासाठी?

बैल घ्यायचा तर आपण बाजारात चार दावणी फिरतो. एकाच दावणीला गेलो तर मालक सांगेल तो भाव. टेंडर म्हणजे या चार दावणी. जाहिरात निघते, कुणीही दर भरतो, दर सगळ्यांसमोर उघडतात.

मग बिनटेंडर काम बेकायदाच का? तसं नाही. पूर आला, पूल वाहून गेला, तर टेंडरची वाट बघत बसता येत नाही. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ७२ खाली टेंडर न मागवता करार करायची सोय आहे, पण स्थायी समितीची परवानगी लागते आणि कारण कागदावर नोंदवावं लागतं. म्हणजे सवलत आहे ती अडचणीसाठी. ओळखीच्या ठेकेदारासाठी नाही.

गावाकडं पळवाट कशी असते?

आपल्याकडं थेट टेंडर टाळत नाहीत, बिल फोडतात. समजा चार लाखांचे दिवे आहेत आणि टेंडरची मर्यादा तीन लाख. मग दोन-दोन लाखांची दोन बिलं होतात, दुकानदार तोच. टेंडर चुकवायला खरेदीचे असे तुकडे पाडायला सरकारी खरेदी नियमांत मनाई आहे.

आपण काय करायचं?

ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. दरपत्रकं किती आणि कुणाची आली? टेंडर काढलं नसेल तर कारण कुठल्या ठरावात लिहिलंय? एकाच दुकानाची लागोपाठ किती बिलं आहेत?

तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "भ्रष्टाचार झाला का" असं विचारू नका. ठराव, दरपत्रकं, कार्यादेश आणि बिलांच्या प्रती मागा. कागद मागितला की कागदच द्यावा लागतो.

बिनटेंडर दिसलं म्हणजे पैसे खाल्लेच, असंही लगेच म्हणू नये. कारण खरं असेल तर ते कागदावर सापडतं. नसेल तर तेही कळतं. आमच्या दिव्यांचा अर्ज मी सोमवारी देतोय.