ए२ म्हणजे कमजोर रक्त नव्हे

अहवालात ‘ए२’ दिसलं की आपलं रक्त कमजोर किंवा ‘निगेटिव्ह’ आहे, असं अनेकांना वाटतं. ही काळजी अनाठायी आहे. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरतं ते आरएच या वेगळ्याच घटकावरून. ए१ आणि ए२ हे ए गटाचेच उपगट, १९११ पासून माहीत असलेले. तांबड्या पेशींवरचं ए प्रतिजन (गट ठरवणारी खूण) ए१मध्ये दाट, तर ए२मध्ये बरंच विरळ असतं. एकच बियाणं एका शेतात दाट आणि दुसऱ्यात पातळ पेरावं, तसं. खुणेच्या रचनेतही थोडा फरक असतो, पण प्रकृतीशी त्याचा संबंध नाही.

हे उपगट ओळखतो आपला कुळीथ! त्याच्या बियांतलं लेक्टिन (साखरेच्या रेणूंना चिकटणारं प्रथिन) योग्य प्रमाणात पातळ केलं की ए१ पेशींच्या गुठळ्या करतं, ए२च्या नाही.

ए२ व्यक्तीला एरवी ए गटाचं कुठलंही जुळणारं रक्त चालतं. काहींच्या रक्तात मात्र ए१विरोधी प्रतिपिंडं (परक्या खुणेवर हल्ला करणारी प्रथिनं) असतात. ती शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला सक्रिय असतील, तरच ए२ किंवा ओ गटाच्या पेशी निवडतात.