ओमियागे : जपानहून परतताना काय आणावे?

जपानी भाषेत प्रवासाहून आप्तेष्टांसाठी आणलेल्या भेटीस 'ओमियागे' असे म्हणतात. हा शब्द ज्या दोन चिनी अक्षरांनी लिहिला जातो, त्यांचा अर्थ अनुक्रमे 'भूमी' आणि 'उत्पन्न' असा आहे. त्या त्या भूमीत जे निपजते ते ओमियागे. आठवण म्हणून आपण स्वतःजवळ ठेवतो ती वस्तू निराळी आणि ओमियागे निराळे. पहिली जो गेला त्याच्यासाठी असते, दुसरे जे जाऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी असते. पाली साहित्यात दानाच्या जोडीने 'संविभाग' हा शब्द येतो. आपल्या वाट्याला जे आले त्यातून इतरांचा वाटा काढणे, हा त्याचा अर्थ. ओमियागेच्या कल्पनेला आपल्या परंपरेतील याहून जवळचा शब्द सापडणे कठीण आहे.

जपानमधील बौद्ध स्थळे पाहून परतणाऱ्या उपासक-उपासिकांना घरच्यांसाठी काय न्यावे, हा प्रश्न पडतोच. तो केवळ खरेदीचा नाही. विहारांच्या आवारातून आणलेली वस्तू आपल्याकडे बहुधा तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी ठेवली जाते. म्हणून ती काय आहे, तिचा अर्थ काय आणि ती तेथे कशासाठी दिली जाते, हे आणणाऱ्यास ठाऊक असणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने काही विवेचन करावयाचे आहे.

प्रथम या प्रथेची पार्श्वभूमी पाहू. एदो काळात (१६०३-१८६८) सामान्य जपानी माणसाला दूरचा प्रवास परवडणारा नव्हता. इसे येथील शिंतो देवस्थानाच्या यात्रेसाठी गावोगावी 'इसे-को' नावाची मंडळे असत. सभासद थोडी थोडी रक्कम जमवीत आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेले काही जण सर्वांच्या वतीने यात्रेस जात. निघणाऱ्यास शेजारीपाजारी वाटखर्चासाठी 'सेन्बेत्सु' म्हणून पैसे देत. साहजिकच परतणाऱ्यावर एक नैतिक ऋण असे. देवस्थानाचे अंगारपत्रासारखे कागद, पंचांग असे वजनाला हलके आणि अनेकांत वाटता येण्याजोगे जिन्नस तो घेऊन येई. ओमियागेचे दोन गुण, हलकेपणा आणि विभाज्यता, असे पायी प्रवासाच्या गरजेतून आलेले आहेत. पुढे रेल्वे आल्यावर प्रवास जलद झाला आणि लवकर खराब होणारी मिठाईही घरी नेता येऊ लागली.

आज जपानच्या कोणत्याही मोठ्या रेल्वेस्थानकावर मिठाईच्या पेट्यांची दुकाने ओळीने दिसतात. पेटीतील प्रत्येक नग स्वतंत्र वेष्टनात असतो, कारण तो कचेरीत सहकाऱ्यांना एकेक वाटावयाचा असतो. क्योतोची दालचिनीच्या स्वादाची 'यात्सुहाशी', हिरोशिमा-मियाजिमा परिसरातील मेपलच्या पानाच्या आकाराचे 'मोमिजी मांजू', साप्पोरोची १९७६ पासून निघणारी 'शिरोई कोइबितो' बिस्किटे, ही नावे घेताच जपानी माणूस प्रदेश ओळखतो. विहारातील रविवारच्या वंदनेनंतर सर्वांना, विशेषतः मुलांना, एकेक नग देता यावा अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांना अशा पेट्या सोयीच्या आहेत. मात्र आधी माणसे मोजावीत आणि मग नग मोजावेत.

खाद्यपदार्थ घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली तारीख. वेष्टनावर 'शोमी-किगेन' असेल तर त्या तारखेपर्यंत चव उत्तम राहते असा अर्थ होतो. 'शोही-किगेन' असेल तर त्यानंतर पदार्थ खाऊ नये असा होतो. मऊ यात्सुहाशी किंवा इसेची प्रसिद्ध 'आकाफुकु' थोडेच दिवस टिकते. ती प्रवासातच खावी. दुसरी गोष्ट घटकांची. खारट वाटणाऱ्या तांदळाच्या चकत्यांतही माशांचा अर्क असू शकतो आणि पारदर्शक मिठाईत जिलेटिन असू शकते. घरी कोणी शाकाहारी असेल तर विक्रेत्यास स्पष्ट विचारावे.

या दोन्ही अडचणींतून 'योकान' ही मिठाई बऱ्याच अंशी सुटलेली आहे. लाल अझुकी डाळ, साखर आणि समुद्रशैवालापासून मिळणारे 'कानतेन' यांची ही घट्ट वडी बंद वेष्टनात कित्येक महिने टिकते. तिच्या नावाचा इतिहास मनोरंजक आहे. मूळ चिनी अक्षरांचा अर्थ 'मेंढीच्या मांसाचा रस्सा' असा होतो. झेन भिक्षूंना मांस वर्ज्य असल्याने त्यांनी डाळीचा पर्याय योजला, रस्सा मागे पडला आणि कालांतराने त्याची मिठाई झाली, असे सांगितले जाते. भिक्षूंच्या आहाराच्या एका नियमाने एका देशाची मिठाई घडविली, हे पेटी उघडताना सांगण्यासारखे आहे.

भेट देताना जपानी लोक चार आणि नऊ हे आकडे टाळतात. चारचा उच्चार 'शि', तोच मृत्यूचा. नऊचा उच्चार 'कु', तोच दुःखाचा. जपानी यजमानास भेट देताना ही रूढी पाळणे सौजन्याचे ठरेल. घरी मात्र चार वस्तू आणल्या म्हणून बिघडत नाही. दुःखाचे जे अक्षर टाळले जाते, तेच चिनी अनुवादकांनी 'दुक्ख' या शब्दासाठी योजलेले आहे, आणि आर्यसत्येही चारच आहेत. तथागतांनी दुःखाकडे डोळे उघडून पाहावयास शिकविले. त्याच्या उच्चाराला भिण्यास नव्हे.

आता धार्मिक वस्तूंकडे वळू. येथे पहिला भेद ध्यानात घ्यावा लागतो तो स्थळांचा. ज्याच्या प्रवेशाशी 'तोरी' नावाची कमान असते ते प्रायः 'जिंजा', म्हणजे शिंतो देवस्थान. 'तेरा' किंवा नावाच्या शेवटी 'जी' असलेले ते बौद्ध विहार. १८६८ मध्ये मेइजी शासनाने दोहोंना अलग करण्याचे आदेश दिले. तत्पूर्वी शतकानुशतके ती एकमेकांत मिसळलेली होती आणि त्या मिश्रणाच्या खुणा आजही दिसतात.

दोन्ही ठिकाणी 'ओमामोरी' मिळते. जरीच्या कापडाची ही लहानशी पिशवी म्हणजे ताईतच. आत मंत्र किंवा नाव लिहिलेला कागद अथवा लाकडाचा तुकडा असतो. पिशवी उघडू नये असा संकेत आहे आणि साधारणतः वर्षानंतर ती परत करावयाची असते. परीक्षेतील यश, वाहनाची सुरक्षितता, सुखरूप बाळंतपण अशा हेतूंनुसार तिचे प्रकार असतात. दिसावयास ती सुरेख असते आणि किंमतही बेताची असते, म्हणून प्रवासी ती डझनाने घेतात. थेरवादी देशांतही परित्राणपाठानंतर मनगटास सूत बांधतात, तेव्हा केवळ जपानला दोष देणे न्याय्य होणार नाही. परंतु दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात शकुन, भविष्यकथन, मंत्रतंत्र इत्यादींवर उपजीविका करण्यास 'तिरच्छानविज्जा' म्हटले आहे, हे आपण विसरू नये. खुद्द जपानमध्येही याला विरोध करणारी परंपरा आहे. शिनरान (११७३-१२६२) यांनी शुभाशुभ दिवस पाहणे आणि शकुन यांचा निषेध केला. त्यांच्या जोदो शिनशू या पंथाचे विहार, जो जपानमधील मोठ्या पंथांपैकी एक आहे, आजही सहसा ओमामोरी देत नाहीत. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या पुतण्यासाठी ताईत आणावा की उत्तम जपानी पेन्सिली, याचा निर्णय करताना शिनरानांचे स्मरण उपयोगी पडेल.

'दारुमा' या लाल, गोल बाहुलीचे प्रकरण थोडे वेगळे आहे. दारुमा म्हणजे बोधिधर्म. परंपरेनुसार दक्षिण भारतातून चीनला गेलेले आणि झेनचे आद्य आचार्य मानले गेलेले भिक्षू. 'धर्म' हा आपला शब्दच जपानी उच्चारात 'दारुमा' झाला आहे. गुन्मा प्रांतातील ताकासाकी हे या बाहुल्यांचे प्रमुख केंद्र असून तेथील दारुमाजी विहाराशी त्यांचा उगम जोडला जातो. बाहुलीचे डोळे कोरे असतात. संकल्प करताना एक डोळा रंगवावयाचा आणि तो सिद्धीस गेल्यावर दुसरा. बूड जड असल्याने ती पाडली तरी उठून बसते. ती नशीब उघडते असे सांगून दिली तर तो ताईतच झाला. संकल्प आणि वीर्य यांची खूण म्हणून दिली तर तो बोध झाला. वस्तू तीच, पण देणाऱ्याच्या चार वाक्यांनी तिचे स्वरूप बदलते.

मूर्ती आणि चित्रपत्रे घेताना तर अधिकच सावध असावे. कामाकुरा येथील तेराव्या शतकातील भव्य आसनस्थ मूर्ती आपल्याकडे 'जपानचे भगवान बुद्ध' म्हणून भिंतीवर लागते. ती अमिताभाची आहे. नारा येथील तोदाइजी विहारातील महामूर्ती वैरोचनाची आहे. तिचे नेत्रोन्मीलन ७५२ मध्ये भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूच्या हस्ते झाले, म्हणून तिचे चित्र अवश्य आणावे. पण नाव सांगून द्यावे. ज्यांना शाक्यमुनींचीच प्रतिमा हवी, त्यांनी होर्युजी विहारातील इ. स. ६२३ च्या शाक्यमुनी-त्रयीचे चित्र घ्यावे. ढेरपोट्या हसऱ्या मूर्तीस आपल्या बाजारात 'लाफिंग बुद्धा' म्हणतात. तो बुद्ध नव्हे. तो 'होतेई', म्हणजे चीनमधील एक भिक्षू असून जपानमध्ये सात भाग्यदेवतांत गणला जातो.

मग आणावे तरी काय? उदबत्ती आणावी. जपानी 'सेन्को'च्या आत बांबूची काडी नसते, त्यामुळे धूर कमी होतो. क्योतो येथे ती बनविणारी शतकांची जुनी घराणी आहेत आणि आवाजी बेट तिच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. तिच्यातील उत्तम चंदन भारतीय मानले जाते, हेही सांगावे. नारा येथील शाईची वडी आणावी. वनस्पतितेलाच्या दिव्याची काजळी आणि सरस यांपासून ती करतात, आणि या कलेचा संबंध तेथील कोफुकुजी विहाराशी जोडतात. सुमारे हात-दोन हात लांबीचे 'तेनुगुई' हे सुती वस्त्र आणावे. ते आपल्या पंचासारखेच रोजच्या वापरात येते, आणि वजन नगण्य असते. हातकागद आणावा, मिनो, होसोकावा आणि सेकिशू येथील कागदनिर्मितीस २०१४ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले.

अभ्यासू मित्रासाठी याहून चांगली भेट म्हणजे 'शाक्यो', अर्थात सूत्रलेखनाचे साहित्य. फिकट अक्षरांवरून कुंचल्याने प्रज्ञापारमिता-हृदयसूत्र गिरविण्याचे कागद विहारांत व कागदाच्या दुकानांत मिळतात. नारा येथील याकुशिजी विहाराचे मुख्य सभागृह १९७६ मध्ये पुन्हा उभे राहिले ते असंख्य सामान्य लोकांनी सूत्र लिहून सोबत दिलेल्या देणग्यांतून. ते सूत्र महायानाचे आहे. पण हाताने लिहिता लिहिता वचन मनात रुजविणे हा मार्ग कोणालाही अनुसरता येईल. त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूस धम्मपदाची गाथा देवनागरीत लिहावयास कोणाचीच हरकत नाही.

कोयासान येथे जाणाऱ्यांसाठी एक सूचना. तेथील विद्यापीठाच्या परिसरात २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा उभारला गेला, त्यामुळे महाराष्ट्रातील यात्रेकरूंची पावले तिकडे वळतात. तेथे अनेक वस्तूंवर 'बोन्जी' अक्षरे दिसतील. ती सिद्धम् लिपी आहे. अशोकाच्या लेखांतील ब्राह्मीची वंशज आणि देवनागरीची नातलग. एका अक्षराचे साधे चित्रपत्र घरच्या मुलांना दाखवून आपल्या 'अ'शी त्याचे नाते शोधावयास सांगावे.

सारांश, निवडीच्या कसोट्या तीन. वस्तू वाटता यावी किंवा वापरता यावी. ती त्या भूमीची असावी, म्हणून 'निहोन-सेई', म्हणजे जपानमध्ये निर्मित, अशी नोंद पाहावी. आणि तिच्याविषयी खरे तेच सांगता यावे. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक भेटीसोबत मराठीत दोन-तीन ओळींची चिठ्ठी ठेवावी : ही कोठली, कशाची, कशासाठी. मिठाई संपेल, उदबत्ती जळून जाईल. चिठ्ठी घरात राहील आणि पुढे कोणीतरी ती वाचील.