शुनःशेपाची साक्ष

यज्ञांतील बळीचा विचार करतांना आपण बहुधा यजमानाचा हेतु, देवतेची तृप्ति आणि विधीचें फल यांकडेच पाहतों. कारण ग्रंथकर्ते याच पक्षाचे होते. ज्याचा बळी जावयाचा, त्याचें म्हणणें क्वचितच नोंदलेलें आढळतें. ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेंतील शुनःशेपाचें आख्यान हा या नियमास अपवाद होय.

इक्ष्वाकुवंशी हरिश्चंद्रानें पुत्र झाल्यास तोच अर्पण करीन, असें वरुणास वचन दिलें. पुत्र रोहित वयांत येतांच अरण्यांत निघून गेला व राजास जलोदर झाला. सहाव्या वर्षीं रोहितास अजीगर्त नांवाचा क्षुधार्त ऋषि भेटला. शंभर गाईंच्या मोबदल्यांत तीन पुत्रांपैकीं एक देण्याचें ठरलें. थोरला बापानें राखला, धाकटा आईनें. मधला शुनःशेप उरला. त्यास कोणीं विचारलें नाहीं. यूपास बांधावयास कोणी मिळेना, तेव्हां आणखी शंभर गाई घेऊन बापानेंच त्यास बांधिलें, आणि आणखी शंभरांसाठीं तो शस्त्र पाजळून पुढें आला.

शुनःशेपानें देवतांची स्तुति केली, पाश सुटले, राजाहि बरा झाला. कथा येथेंच संपती, तर ती केवळ देवमाहात्म्य ठरती. परंतु बापानें मुलगा परत मागितला, तेव्हां तीनशें गाईंपुढें पुत्र कमी मानणाऱ्याशीं समेट शक्य नाहीं, अशा आशयाचें उत्तर शुनःशेपानें दिलें. अजीगर्त पश्चात्ताप करून त्या गाई देऊं लागला, तरीहि तो बधला नाहीं. शेवटीं होता असलेल्या विश्वामित्रानें त्यास आपला पुत्र मानिलें.

वाल्मीकिरामायणाच्या बालकांडांत हीच कथा अंबरीष राजाच्या नांवें येते. तेथें मधला मुलगा आपण होऊन स्वतःस विकलेला म्हणवितो. बळीची संमति अशी कथेंत शिरली, कीं देणाऱ्याघेणाऱ्यांचा दोष हलका होतो. म्हणून ऐतरेयांतील पाठ अधिक कठोर व अधिक मोलाचा वाटतो. नरबलि प्रत्यक्ष प्रचारांत होता, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं; त्याविषयीं मनांत अढी होती, हें मात्र दिसून येतें.

राजसूयांत अभिषेकानंतर हें आख्यान राजास ऐकवावें व सांगणाऱ्यास सहस्र गाई द्याव्या, असें त्याच ब्राह्मणांत विहित आहे. ज्याचें मोल प्रथम शंभर गाई ठरलें, त्याच्या कथेचें मोल दहापट झालें. कारण तो वांचला व बोलला. न वांचलेल्यांची साक्ष पोथ्यांत नाहीं. बळीविषयीं लिहितांना संशोधकानें ही उणीव पुराव्याच्या हिशेबांत धरली पाहिजे.