गुंडाळायला निघालेला संघ विजेता होतो तेव्हा...

एखाद्या सामन्यात दुबळ्या संघाने बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला चकित करणे क्रीडाविश्वाला नवे नाही. मात्र नऊ महिन्यांच्या मोसमात सातत्य राखून अजिंक्यपद पटकावणे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. आयर्लंडच्या कॉनॉट संघाने २०१५-१६ च्या मोसमात नेमके तेच केले. विशेष म्हणजे, हा संघ तेरा वर्षांपूर्वीच बंद होण्याच्या मार्गावर होता.

अस्तित्वाची लढाई

आयर्लंडमध्ये व्यावसायिक रग्बीचे चार प्रांतिक संघ आहेत : लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनॉट. त्यांची सूत्रे आयरिश रग्बी संघटनेच्या हाती असतात. पश्चिम किनाऱ्यावरील कॉनॉटची लोकसंख्या विरळ. शिवाय तेथे गेलिक फुटबॉल व हर्लिंग या देशी खेळांचे वेड अधिक. साहजिकच खेळाडू आणि पैसा या दोन्ही बाबतीत हा प्रांत कायम मागे राहिला. २००३ मध्ये खर्चकपातीसाठी हा संघच गुंडाळण्याचा विचार संघटनेने सुरू केला, तेव्हा चाहत्यांनी डब्लिनमध्ये मोर्चा काढला. संघ वाचला, पण 'चौथा प्रांत' ही ओळख काही पुसली गेली नाही.

लॅम यांचे सूत्र

सामोआचे माजी कर्णधार पॅट लॅम यांनी २०१३ मध्ये प्रशिक्षकपदाची धुरा स्वीकारली. बड्या संघांशी केवळ अंगबळावर टक्कर देणे शक्य नाही, हे त्यांनी ओळखले. धिप्पाड आघाडीवीरांनाही चपळ पासिंगचे धडे देण्यात आले. चेंडू लाथाडून संकट टाळण्याऐवजी, स्वतःच्या क्षेत्रातूनही तो हातात घेऊन चाल रचायची, ही संघाची शैली बनली. धोका होता, पण प्रतिस्पर्ध्यांची बचावफळी विस्कळीत करण्याचा तोच मार्ग होता.

आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड व इटलीतील बारा संघांच्या 'प्रो-१२' स्पर्धेत कॉनॉट आदल्या मोसमात सातव्या स्थानी होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये युरोपीय चॅलेंज चषकासाठी संघाला थेट सैबेरियातील क्रास्नोयार्स्क गाठावे लागले. कडाक्याच्या थंडीत सामना जिंकला, पण परतीचा विमानप्रवास रखडला. त्याच महिन्यात मन्स्टरला त्यांच्याच थोमंड पार्कवर १८-१२ असे नमवून कॉनॉटने १९८६ नंतर प्रथमच तेथे विजय मिळवला. मे महिन्यात गतविजेत्या ग्लासगोला दोन आठवड्यांत दोनदा गॉलवेच्या मैदानावर धूळ चारली : साखळीत १४-७ आणि उपान्त्य फेरीत १६-११. ज्या मैदानाभोवती ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतीची धावपट्टी आहे, तेथे हा इतिहास घडत होता.

मरेफील्डवरील निकाल

२८ मे २०१६ रोजी एडिनबराच्या मरेफील्ड मैदानावर गाठ पडली ती राजधानीच्या लेन्स्टरशी. टिअरनन ओ'हॅलोरन आणि नियी अडेओलोकुन यांच्या 'ट्राय'च्या बळावर कॉनॉटने मध्यंतरापर्यंत १५-० अशी आघाडी घेतली. रग्बीत चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवल्यास 'ट्राय'चे पाच गुण मिळतात. उत्तरार्धात मॅट हीलीने तिसरा ट्राय नोंदवला आणि २०-१० अशा विजयावर शिक्कामोर्तब झाले. यातील अडेओलोकुन व हीली हे दोघे डब्लिनच्या क्लब रग्बीतून आलेले. राजधानीच्या संघात ज्यांना स्थान मिळाले नाही, त्यांनीच राजधानीचा पराभव घडवला. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या कॉनॉटचे हे पहिलेच मोठे विजेतेपद. पडत्या काळातही संघ न सोडणाऱ्या कर्णधार जॉन मल्डूनने करंडक उंचावला, तर मोसमातील सर्वोत्तम खेळाडूचा मान बंडी आकीला मिळाला.

यशाची किंमतही मोजावी लागली. मधल्या फळीतील रॉबी हेनशॉ लगेचच लेन्स्टरकडे गेला, वर्षभरात लॅम यांनी ब्रिस्टलची वाट धरली आणि पुढच्या मोसमात संघ आठव्या स्थानी घसरला. गुणवत्ता घडवायची छोट्यांनी आणि वापरायची मोठ्यांनी, हे व्यावसायिक खेळाचे गणित एका करंडकाने बदलत नाही. मात्र कॉनॉट हवाच कशाला, हा २००३ मधील प्रश्न त्यानंतर पूर्वीइतक्या सहजपणे विचारता येण्याजोगा राहिला नाही.