आस, पट्टी आणि गाठ : जाळे विणण्याचे पहिले धडे

मराठीत ‘विणणे’ हे एकच क्रियापद कापड, खाट, टोपली, स्वेटर आणि मासेमारीचे जाळे या सगळ्यांसाठी चालते. परंतु या कामांची घडण एकमेकांहून वेगळी आहे. कापडात उभे आणि आडवे असे दोन प्रकारचे धागे एकमेकांना वर-खाली ओलांडतात. स्वेटरमध्ये एकच धागा एका फाशातून दुसरा फासा काढत पुढे जातो आणि त्यात कोठेही गाठ नसल्यामुळे एक टाका सुटला की विणकाम खालपर्यंत उसवत जाते. जाळ्यातही साधारणपणे एकच धागा चालतो, मात्र त्याच्या प्रत्येक टाक्याला गाठ असते, त्यामुळे एका ठिकाणी जाळे फाटले तरी बाकीचे शाबूत राहते. रायगडच्या किनाऱ्यावर लोकरीच्या कपड्यांची गरज क्वचितच भासत असल्याने तेथे पिढ्यान्‌पिढ्या हाताला लागलेले विणकाम म्हणजे जाळ्याचे विणकाम होय.

उरणजवळच्या करंजा-मोऱ्यापासून थळ, नवगाव, वरसोली, रेवदंडा, मुरूड, एकदरा, राजपुरी आणि श्रीवर्धन तालुक्यातील भरडखोलपर्यंत पसरलेल्या कोळीवाड्यांत जाळ्यांचे अनेक प्रकार आढळतात. ओहोटीच्या कडेला उभे राहून हाताने फेकायचा गोल ‘पाग’ हा त्यांतील सर्वांत लहान. पाण्यात पडद्यासारखी उभी राहणारी आणि माशाला कल्ल्यांशी अडकवणारी ‘वावरी’ त्याहून मोठी. तर बोंबील, जवळा, मांदेली यांच्यासाठी प्रवाहात खुंट्यांना किंवा नांगरांना बांधले जाणारे ‘डोल’ हे या किनाऱ्याची खरी ओळख ठरलेले जाळे होय. डोल म्हणजे एका टोकाला मोठे तोंड असलेली आणि दुसऱ्या टोकाकडे निमुळती होत जाणारी लांब पिशवी. भरती-ओहोटीचा प्रवाह तिच्या तोंडातून आत शिरतो, मासळी ‘खोला’ नावाच्या शेवटच्या भागात साठते आणि प्रवाह उलटण्याच्या सुमारास ती वर ओढली जाते. भांगाच्या मंद पाण्यापेक्षा उधाणाच्या जोरदार पाण्यात डोल अधिक चांगली चालते, याचे कारण तिच्या या रचनेतच आहे.

या सर्व जाळ्यांचे मूळ एकक म्हणजे ‘आस’, अर्थात चार गाठी आणि चार बाजू असलेले एक भोक. आस मोजताना तो ताणून धरतात आणि समोरासमोरच्या दोन गाठींमधील अंतर घेतात. नवशिक्याला पहिली गोष्ट उमगावी लागते ती ही, की जाळे विणणारा धाग्यापेक्षा धाग्यांमधील मोकळी जागा घडवत असतो, आणि ती जागा ओळीमागून ओळ सारखी राहण्यातच त्याचे कौशल्य असते. एखादा आस मोठा झाला तर तेथून मासळी निसटते. लहान झाला तर सगळा ताण त्याच्या छोट्या बाजूंवर येतो आणि जाळे तेथेच फाटते.

या कामासाठी दोनच साधने लागतात. एक म्हणजे लाकडाची, बांबूची किंवा आता प्लास्टिकची चपटी सुई, जिच्या पोटात एक जीभ कोरलेली असते. धागा त्या जिभेभोवती घेऊन खालच्या खाचेतून दुसऱ्या अंगाला वळवायचा आणि तेथून पुन्हा जिभेभोवती घ्यायचा, अशा रीतीने सुई उलटसुलट करत तिच्यात कित्येक हात धागा भरता येतो. दुसरे साधन म्हणजे मापाची पट्टी. 20 मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर विणलेल्या आसाची प्रत्येक बाजू सुमारे 20 मिलिमीटर भरते आणि ताणलेला आस 40 मिलिमीटरचा होतो. म्हणजेच आस दुपटीने हवा असेल तर पट्टीही दुपटीने रुंद घ्यावी लागते.

प्रत्यक्ष विणताना आधी एक दोरी खिळ्याला ताणून बांधतात आणि तिच्यावर पहिल्या ओळीचे फासे घेतात. पुढच्या ओळीसाठी पट्टी डाव्या हातात त्या फाशांच्या खाली धरली जाते. धागा पट्टीच्या पुढून खाली उतरतो, मागून वर येतो आणि सुई वरच्या फाशातून बाहेर काढली जाते. मग फाशाचे टोक पट्टीच्या वरच्या कडेला टेकेपर्यंत धागा खाली ओढून अंगठ्याने तेथेच दाबून धरायचा, उरलेल्या धाग्याचा एक सैल वळसा डावीकडे टाकायचा, सुई फाशाच्या दोन्ही पायांच्या मागून नेऊन त्या वळशातून वर काढायची आणि आवळायची. खलाशी वेगवेगळ्या जाडीचे दोन दोर जोडण्यासाठी जी गाठ मारतात तीच ही गाठ असून ताण वाढला की ती अधिक घट्ट बसते. नवशिक्याच्या बहुतेक चुका अंगठ्यापाशी होतात. गाठ आवळण्यापूर्वी अंगठा उचलला गेला की वळसा फाशाच्या टोकाखाली घसरतो, गाठ वरच्या फाशाला न पकडता स्वतःच्याच धाग्यावर बसते आणि दिसायला ठीक वाटली तरी ओढताच सरकते. म्हणून प्रत्येक ओळ पुरी झाल्यावर पट्टी काढून आस दोन्ही हातांनी ताणून पाहणे हीच या शाळेतील परीक्षा होय.

एवढे जमले की आकार देण्याचा धडा येतो, आणि येथे स्वेटर विणणाऱ्यांना ओळखीची गोष्ट भेटते. पिशवी निमुळती करायची असेल तर दोन आस एकाच गाठीत घेतात. उदाहरणार्थ, 60 आसांच्या ओळीत दर दहा आसांमागे शेवटचे दोन एकत्र घेतले की पुढची ओळ 54 आसांची होते. पागाला मात्र शेंड्याकडून घेराकडे वाढत जायचे असल्याने तेथे ठरावीक अंतराने जादा आस टाकावे लागतात.

धागा बदलल्यामुळे या विद्येचे काही नियम उलटे झाले आहेत. पूर्वीची जाळी सुताची आणि तागाची असत; पाण्यातील सूक्ष्मजीव ती कुजवत, म्हणून ती ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवावी लागत आणि वरचेवर उन्हात वाळवावी लागत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन आले. ते कुजत नाही, पण उन्हाने कमकुवत होते, त्यामुळे ज्या उन्हाने सुताचे जाळे टिके त्याच उन्हापासून नायलॉनचे जाळे झाकून ठेवावे लागते. शिवाय ते गुळगुळीत असल्याने साधी गाठ सरकण्याची भीती असते, म्हणून अनेकदा धाग्याचा आणखी एक वेढा देऊन दुहेरी गाठ मारतात. या धाग्याचे माप डेनिअरमध्ये सांगतात. 210 डेनिअर म्हणजे ज्याच्या 9,000 मीटर लांबीचे वजन 210 ग्रॅम भरते असा तंतू, आणि असे अनेक पदर पिळून जाळ्याची दोरी तयार होते.

जाळे विणण्याचे यंत्र स्कॉटलंडमध्ये जेम्स पॅटरसन यांनी 1820 च्या सुमारास तयार केले होते. आज रायगडच्या बंदरांवरही कारखान्यातील तयार जाळ्याचे पट्टे येतात आणि हाताला उरते ते मुख्यतः जोडणीचे व दुरुस्तीचे काम. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात आणि जाळी पडव्यांत पसरलेली असतात. मात्र दुरुस्ती हे विणण्यापेक्षा कठीण काम आहे. फाटलेला भाग तसाच सांधता येत नाही. आधी तुटके धागे कापून भोक मोठे करावे लागते. वर आणि खाली तीन बाजू शिल्लक असलेली एकेक गाठ ठेवून मधल्या सर्व गाठींना दोनच बाजू उरतील असे ते कापले, तरच एका गाठीपासून निघालेला अखंड धागा सर्व आस भरत दुसऱ्या गाठीपाशी संपतो. हे गणित सरळ ओळी विणून ज्याच्या डोळ्यांत बसले आहे त्यालाच फाटक्या जाळ्यात दिसते. पूर्वीचा मुलगा विणता विणता सांधायला शिकत असे. आजच्या मुलाच्या हाती पहिलेच जाळे फाटलेले येते आणि हीच शिकण्यातील खरी अडचण आहे.

यावर उपाय साधा आहे. दोन-तीन मिलिमीटर जाडीची सुती दोरी, 30 मिलिमीटर रुंदीची लाकडी पट्टी आणि दहा आसांची ओळ घेऊन सलग वीस ओळी विणल्या, तर 200 गाठी होतात. एवढ्या सरावात अंगठ्याला दाब केव्हा सोडायचा ते कळते. त्यानंतर याच तुकड्यात मुद्दाम भोक पाडून ते सांधावे. पट्टी निवडतानाही विचार करावा, कारण कोणती मासळी अडकेल आणि कोणते पिल्लू निसटेल हे तिच्या रुंदीवर ठरते. डोलीच्या खोल्याचा आस मोठा असावा असे मत्स्यशास्त्रज्ञ म्हणतात ते याचसाठी. फिनलंडच्या तत्कालीन हद्दीत 1913 मध्ये सापडलेले विलोच्या सालीचे जाळे सुमारे 10,000 वर्षांपूर्वीचे मानले जाते. तेव्हापासून धागा बदलला, यंत्र आले. फाटलेले जाळे सांधायला मात्र आजही माणसाचाच हात लागतो.